गळालेल्या सतरा ओळी

सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. माझ्या वहीत या वेळेपुढे दोनच आकडे आहेत. आत गेलेल्या ओळी १२१४. बाहेर आलेल्या ओळी ११९७. त्यांच्या खाली वजाबाकी, आणि उत्तराभोवती पेनाने दोनदा काढलेले वर्तुळ : सतरा.

नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या आनुवंशिकी प्रयोगशाळेत मी तेव्हा दोन वर्षांपासून काम करत होते. सिकलसेल या रक्तविकाराचे काम मोठे, त्याचा विभाग वेगळा. आमच्या खोलीत यायची ती उरलेली कुटुंबे. त्यांच्या आजारांची नावे तालुक्याच्या डॉक्टरांनीही बहुधा पुस्तकातच वाचलेली असत. प्रत्येक तपासणीची एक ओळ नोंदवहीत लिहिली जाई : तारीख, क्रमांक, रुग्ण, आईचे नाव, पत्ता, तपासलेला जीन, निष्कर्ष, शेरा. अशा वह्या एका लोखंडी कपाटात वर्षानुवर्षे साचल्या होत्या. त्या सगळ्या संगणकातल्या एका तक्त्यात आणायच्या आणि त्यातून परत बोलावण्याची यादी काढायची, हे काम मी स्वतःहून मागून घेतले होते.

त्या यादीचा हेतू साधा होता. काही आनुवंशिक आजार असे असतात की एका मुलात ते उशिरा कळले तरी त्याच्या पाठच्या भावंडात वेळेआधी शोधता येतात. लक्षणे दिसण्याआधी औषध सुरू झाले तर ते भावंड उभे आयुष्य धडधाकट जगते. अट एकच. कोणीतरी त्याला बोलावले पाहिजे.

अडचण होती ती नावांची. माणसाच्या शरीरात प्रथिने घडवणारे सुमारे वीस हजार जीन आहेत, आणि ज्याने जो शोधला त्याने त्याला आपल्या मर्जीने नाव दिले. कोणी आजारावरून दिले, कोणी प्रथिनावरून, कोणी चक्क गमतीने. एकाच जीनला पाच-पाच नावे पडली. हा गोंधळ आवरण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. ती प्रत्येक जीनला एकच मान्य नाव देते, मोठ्या अक्षरांचे आणि आकड्यांचे, सुटसुटीत. सोबत एक क्रमांकही देते. पुढे नाव बदलावे लागले तरी तो क्रमांक बदलत नाही. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी ती यादी प्रथम पाहिली, तेव्हा मला जो आनंद झाला तो इतरांना बहुधा हिमालय पाहून होत असावा. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत, कुठल्याही भाषेच्या माणसाने उच्चारावे आणि एकच वस्तू समजली जावी, याहून शिस्तीची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

त्या शिस्तीच्या भरातच मी चूक केली. समितीच्या तक्त्यात मान्य नावाशेजारी एक रकाना असतो, जुन्या नावांचा. तो लांबलचक आणि अस्ताव्यस्त दिसतो. माझा प्रोग्राम लिहिताना मी तो रकाना काढून टाकला. आमच्या नोंदवहीतले जीनचे नाव मान्य नावाशी जुळले तर ती ओळ पुढे जाणार. न जुळल्यास काय, हे मी लिहिलेच नव्हते. न जुळलेली ओळ चुपचाप गळून पडत होती. तक्रार नाही, लाल अक्षर नाही.

आणि ती यादी घेऊन पुढच्या सोमवारी मला रुग्णालयाच्या तज्ज्ञ मंडळासमोर उभे राहायचे होते. माझी पुढची नेमणूक त्या अर्ध्या तासावर ठरणार होती.

विभागप्रमुख मॅडमना मी आकडा सांगितला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारले, "सतरा म्हणजे किती टक्के?"

"एक पूर्णांक चार."

"शोधनिबंधात चालून जाईल."

"हो, मॅडम."

"मग तू अजून दारात का उभी आहेस?"

त्यांनी चष्मा खाली घेतला. "जा. कपाटाची किल्ली काकांकडे आहे."

काका म्हणजे आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्या वह्यांतल्या निम्म्या ओळी त्यांच्या हातच्या होत्या, आणि माझ्या प्रमाणीकरणाच्या उद्योगावर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग होता.

"काहून वं, आज वह्यांची आठवण आली तुले?" किल्ली फिरवत ते म्हणाले. "तुह्या कम्प्युटरात तं सारं होतं ना?"

"सतरा ओळी गळल्या, काका."

"गळल्या? का पाडल्या?"

"पाडल्या. मीच."

त्यांना या उत्तराची अपेक्षा नसावी. खुर्ची ओढून ते माझ्याजवळ बसले, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सतराच्या सतरा ओळी हुडकल्या. त्यांतल्या चौदा अशा रुग्णांच्या होत्या, जे अजूनही नेमाने येत होते. त्यांची काळजी नव्हती. दोन कुटुंबांत दुसरे मूलच नव्हते. उरली एक ओळ.

२०१० सालची, क्रमांक ३१८. मुलगा, वय नऊ. जीनच्या रकान्यात काकांच्या तिरप्या अक्षरात डब्ल्यूएनडी. हे विल्सनच्या आजाराच्या जीनचे जुने नाव. मान्य नाव एटीपी७बी. या जीनच्या दोन्ही प्रती, आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, बिघडल्या तर अन्नातले तांबे शरीराबाहेर पडत नाही. ते यकृतात साठते, नंतर मेंदूत. काका शिकले तेव्हा जे नाव चालत होते ते त्यांनी जन्मभर लिहिले. माझ्या प्रोग्रामने ते ओळखले नाही. निष्कर्षाच्या रकान्यात लिहिले होते : दोन्ही प्रतींत तोच दोष. आणि शेऱ्यात : मृत्यू, डिसेंबर. धाकटी बहीण, वय तीन महिने. पाच वर्षांची झाल्यावर बोलावणे.

मी बोटांवर हिशेब केला. ती मुलगी आता तेरा वर्षांची होती. भावाला तो आजार होता, म्हणजे तिलाही असण्याची शक्यता चारांत एक. आणि हा आजार डोके वर काढतो तो बहुतेक याच वयात.

"बोलावलं होतं का, काका?"

त्यांनी वहीची पाने उलटली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, चिकटपट्टीने लावलेले, एक पाकीट होते. रामटेकजवळच्या एका गावाचा पत्ता, २०१५ सालचा शिक्का, आणि त्यावर पोस्टाचा शेरा : या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.

"एकदा वापस आलं," काका म्हणाले. "दुसऱ्यांदा टाकलंच नाई मी." त्यांनी पाकीट चिकटपट्टीतून सोडवले. "नाव बदलून रोग बदलते का, असं मीच तुले म्हनत होतो ना वं? घे. माह्याच जुन्या नावानं अडवली पोट्टी."

"तुमच्या नावानं नाही अडवली. मी रकाना काढला."

"बरं. दोघंही गुन्हेगार. मंग कधी जाचं?"

गुरुवारी आम्ही निघालो. विभागाची गाडी शिबिराला गेलेली, म्हणून काकांच्या मोटारसायकलवर. नंदनवनातल्या आमच्या घरासमोर त्यांनी सकाळी सातला हॉर्न वाजवला. माझ्या आईने त्यांना पोहे खाल्ल्याशिवाय हलू दिले नाही. मनसरला चहा घेतला, आणि नऊच्या सुमारास गाव लागले. दोन्ही बाजूंना धान पिवळे पडत आले होते. लांबून रामटेकची टेकडी दिसत होती.

पाकिटावरचे घर सापडले. दार एका बाईने उघडले. तिच्या हाताला पीठ लागलेले होते. मी त्या मुलाच्या आईचे पूर्ण नाव वाचून दाखवले : तिचे, तिच्या वडिलांचे आणि आडनाव.

"नाई बाई, या नावाचं इथं कोनी नाई."

"नक्की? पत्ता तर हाच आहे."

"मले लग्न होऊन इथं येऊन बारा वर्स झाले. मले मालूम नसन का घरात कोन रायते?"

मी नाव पुन्हा वाचले. जरा मोठ्याने, जणू आवाज चढवल्याने ते नाव तिला ओळखीचे होणार होते. बाईने दार ओढायला घेतले. तेव्हा काका मागून पुढे आले.

"वं बेटा, नाव काहून इचारून राहिली तू? नातं इचार." आणि बाईकडे वळून म्हणाले, "माय, या घरची एखादी लेक हाय का, जिचा पोरगा पोटाच्या बिमारीनं गेला? लहानपनी? नऊ वर्साचा होता."

बाईचा दारावरचा हात तसाच राहिला.

"आमच्या ननंदबाई," ती म्हणाली. "पन त्याहिचं नाव हे नाई. घरी त्याहिले सारे बाई म्हनतेत. अन् सासरचं नाव दुसरंच हाय."

सगळे उलगडायला मग पाच मिनिटे पुरली. दुसऱ्या बाळंतपणासाठी नणंदबाई माहेरी आल्या होत्या. मोठा मुलगा सोबत होता, आणि तो इथेच आजारी पडला. त्याला नागपूरला नेले ते मामाने. कागद करताना कारकुनाने आईचे नाव विचारले. भावाने सांगितले ते अर्थातच बहिणीचे माहेरचे नाव, शाळेच्या दाखल्यावरचे, वडिलांच्या नावासकट. लग्नात बदललेले तिचे नाव त्याच्या तोंडी कधी बसलेच नव्हते. पत्ताही त्याने आपलाच दिला. ही चूक मुळात चूकच नव्हती. कोणत्याही भावाने तेच केले असते. पुढे ही बाई त्या भावाशी लग्न होऊन, वहिनी म्हणून, या घरात आली. तिने नणंदेला ओळखले ते सासरच्या नावाने.

"थांबा," ती अचानक म्हणाली. "एक पोस्टमन आलता. लय साल झाले. मीच सांगतलं त्याले, इथं कोनी नाई या नावाचं." तिने पिठाचा हात पदराला पुसला. "कायचं पत्र होतं थे?"

मी खोटे सांगू शकले असते. सांगितले नाही. पण एवढे म्हटले, "त्या पत्राचंच काम आज करायला आलो आहोत. तुम्ही सांगितलं ते बरोबरच होतं. त्या नावाचं इथं खरंच कोणी नव्हतं."

"मी येऊ का संग?"

"पत्ता सांगा फक्त."

तिने पत्ता सांगितला. पारशिवनीच्या पलीकडचे गाव. नाव सासरचे, घर हातपंपाशेजारचे. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पोट्टी चांगली हाय हो. दिवाळीत आली होती. लय धावते." आणि मग, काकांना, "चांगलीच रायन ना?"

काकांनी मोटारसायकलला किक मारली.

पारशिवनीच्या वाटेवर मी मागे बसून मनातल्या मनात एक नवा रकाना आखत होते. मान्य नाव. त्याशेजारी जुनी नावे, जितकी असतील तितकी. समितीने ती कधीच फेकली नव्हती. ज्या कोणी ते अस्ताव्यस्त रकाने भरले, त्याला हे ठाऊक असणार की जुने नाव घेऊन कोणीतरी, कधीतरी, दारात येऊन उभे राहील. मला ठाऊक नव्हते, कारण मी तोवर कोणाच्या दारात उभीच राहिले नव्हते.

मुलीची आई अंगणात होती. वेचून आणलेला कापूस उन्हात पसरत होती. दाराशी लाकडी घडवंचीवर चिंचेने घासून लख्ख केलेला तांब्याचा गुंड होता, वर तांब्याचेच झाकण. घराचे पिण्याचे पाणी त्यातच होते. आम्ही कोण, कुठून आलो, हे ऐकताच ती उभी राहिली.

"नागपूरचा दवाखाना? आता काहून आले?"

"तुमच्या मुलीची एकदा रक्ततपासणी करायची आहे. भावाला जो आजार होता, तो तिला आहे का एवढं पाहायचं. असलाच तर त्यावर औषध आहे."

"माही पोट्टी ठणठणीत हाय."

"असू शकते. आजार असला तरी सुरुवातीला काही दिसत नाही."

"एक धाडला मी भावासंग तुमच्या नागपूरले. सुया टोचल्या, बाटल्या भरल्या, कागद देल्ला. पोरगा नाई देल्ला वापस." तिचा आवाज चढला नाही, हेच अधिक कठीण होते. "आता हिच्या मांगं लागून राहिले का?"

माझ्याजवळ युक्तिवाद तयार होता. चारांत एक, दोन प्रती, यकृत, वय. तो मी मांडूही लागले. दुसऱ्याच वाक्यात कळले की त्यातले काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही. मी थांबले. काकांनी पिशवीतून नोंदवहीच्या त्या पानाची प्रत काढली आणि अंगणातच उकिडवे बसले.

"पोराचं रक्त मीच घेतलं होतं, माय. डाव्या हाताचं. उजवा देत नव्हता थो. म्हने, उजव्या हातानं मले कंचे-गोट्या खेळाचे हाय."

आई त्यांच्याकडे पाहू लागली.

"अन् जांभळ्या झाकनाची नळी पायजे म्हने. भरलेली नाई, खाली. मी देल्ली. तं म्हने, हिच्यावर माहा नंबर टाका. टाकल्याबिगर जातच नव्हता."

ती एकदम वळली आणि आत गेली. आतून पत्र्याच्या पेटीची कडी वाजली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बोटाएवढी काचेची नळी होती, झाकण जांभळे, आत पाटीवरच्या पेन्सिलीचे तीन तुकडे. कागदी पट्टीवरची शाई फिकट झाली होती, पण अक्षर तिरपे होते आणि आकडा वाचता येत होता. ३१८.

काकांनी पानावर बोट ठेवले. तिथेही तोच आकडा. आई शाळा शिकली होती. तिने दोन्ही वाचले, एकदा नळीवरचा, एकदा कागदावरचा.

"हे तुमचं अक्षर हाय?"

"माहंच."

"अन् हे खाली काय लिहेल हाय?"

"धाकटी बहीन. पाच वर्साची झाल्यावर बोलावने." काकांनी बोट त्या ओळीवर सरकवले. "आठ साल उशीर झाला, माय. पन बोलवाले आलो."

तिने नळी पदरात धरली आणि कापसाच्या कडेला बसली. मग ती मला म्हणाली, "बसा ना बाई, उभ्या काहून?"

मुलगी शाळेतून आली तेव्हा दुपार झाली होती. सायकल भिंतीला टेकवून तिने आम्हा दोघांना एका नजरेत मापले.

"कोन होये हे?"

"नागपूरच्या डॉक्टरबाई."

"मी डॉक्टर नाही," मी म्हटले. "मी जीन तपासते."

"आमाले आठवीत हाय थो धडा." ती घडवंचीजवळ गेली, गुंडातून गिलासभर पाणी काढले आणि प्याली. मी पाहत राहिले. "माह्या भावाचा कोनता जीन बिघडला होता?"

मी मान्य नाव सांगितले. मग जुने.

"दोन नावं काहून?"

"आधी एक होतं. मग सगळ्यांनी मिळून दुसरं ठरवलं."

"मंग जुनं फेकून देल्लं?"

"मी फेकलं होतं," मी म्हणाले. "चुकलं माझं. आता परत ठेवणार आहे."

ती हसली. "आमच्या पीटीच्या सरसारखं झालं तुमचं. त्याहीनं बी मले यादीतून काढलं होतं. मंग तालुक्याले चारशे मीटर मंधी मी दुसरी आली तं आता पयलं नाव माहंच लिहितेत." मग आईकडे पाहून म्हणाली, "जाऊ ना वं माय नागपूरले. सुईले मी नाई भेत."

"येजो सोमवारी," काका म्हणाले. "मीच घेतो तुहं रक्त. कोनता हात देशील?"

"दोन्ही घ्या. मी पायानं धावतो."

सोमवार, १६ ऑक्टोबर. नवरात्र लागलेले, गाड्या भरभरून नागपुरात येत होत्या. तरी दोघी मायलेकी साडेनऊला आमच्या दारात हजर होत्या. आईच्या हाती पिशवी आणि पिशवीत ती नळी. काकांनी रक्त घेतले. नेत्रविभागात मुलीचे डोळे तपासले. या आजारात पुढे बुबुळाभोवती तपकिरी कडे दिसते. ते नव्हते. दुपारी यकृताच्या तपासणीचा आकडा आला. एएलटी नावाचे एक द्रव्य यकृताला इजा झाली की रक्तात वाढते. चाळिसाच्या आत असावे. तिचे होते ९२.

तो आकडा वहीत लिहून मी तज्ज्ञ मंडळासमोर गेले. पहिल्याच चित्रावर दोन संख्या ठेवल्या होत्या : आत १२१४, बाहेर १२१४. दुसऱ्या चित्रावर माझी चूक, तारखेसकट. मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "चूक दुरुस्त झाली होती. दाखवायची गरज काय होती?" मी म्हणाले, "सर, या चुकीमुळे जी मुलगी यादीतून गळली, ती आत्ता खालच्या मजल्यावर डबा खाते आहे." कोणीतरी हसले, मग कोणीच हसले नाही. त्यांनी अर्ध्या तासाऐवजी सव्वा तास घेतला, आणि शेवटी ठरले : यापुढे आमच्या प्रत्येक नोंदीत जीनचे मान्य नाव, त्याचा कायमचा क्रमांक आणि मूळ वहीत लिहिलेले जुने नाव, तिन्ही राहतील. आईची माहेरची आणि सासरची नावेही राहतील. आणि कोणतीही ओळ जुळली नाही, तर प्रोग्राम पुढे न जाता तिथेच थांबेल आणि माणसाला हाक मारेल. शेवटची अट माझी होती. मॅडमनी टाळी वाजवली नाही, पण बाहेर पडताना म्हणाल्या, "नेमणुकीचं पत्र उद्या टाईप होईल. आता खाली जा."

भावाच्या अहवालात दोषाची नेमकी जागा नोंदलेली असल्यामुळे बहिणीत तेवढीच जागा तपासायची होती. तीस ऑक्टोबरला निकाल आला. दोन्ही प्रतींत तोच दोष. आजार होता.

आईला हे सांगण्याचे काम मॅडमचे होते, पण तिने मला हात धरून शेजारी बसवले. मॅडमनी सावकाश समजावले : आजार आहे, पण अजून फार नुकसान झालेले नाही. जस्ताचे औषध रोज, रिकाम्या पोटी, जन्मभर. ते आतड्यातच तांब्याची वाट अडवते. शेंगदाणे, चॉकलेट सध्या बंद. आणि घरातला तो गुंड पाण्यासाठी नको.

"तांब्याचं पानी चांगलं म्हनतेत सारे," आई हळूच म्हणाली.

"सगळ्यांना असेल. हिला नाही."

"शेंगदाने बी नाई?" मुलीने इतक्या कळवळून विचारले की आईलाच हसू फुटले. मुलगी थांबली नाही. "मंग चिवड्यात काय टाकाचं? जीन?"

"तू आधी जगजो," आई म्हणाली, आणि तिच्या पाठीत हलकासा धपाटा घातला. "चिवड्याचं मी पायतो."

त्या घरी आता पाणी स्टीलच्या हंड्यात असते. गुंड अजूनही घासलेला असतो, पण त्यात तुळशीला घालायचे पाणी भरतात. रामटेकजवळच्या वहिनीने आपल्या घरच्या भिंतीवर, दाराच्या आतल्या बाजूला, नणंदेची तिन्ही नावे खडूने लिहून ठेवली आहेत. "कोनी बी येवो," ती मला फोनवर म्हणाली, "आता वापस नाई धाडनार." काका मार्चमध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सांगितले की माझ्या प्रमाणीकरणाला त्यांचा विरोध कायम आहे, आणि पुढच्या वाक्यात आपल्या वापरातल्या जुन्या नावांची दोन पानी यादी माझ्या हाती दिली, सुवाच्य अक्षरात, मान्य नावांसमोर मांडलेली. ऑक्टोबरपासून ती यादी ते माझ्यापासून लपवून, डबा खाताना, करत होते. पुढच्या दोन महिन्यांत माझा प्रोग्राम नऊ वेळा थांबला आणि नऊही वेळा त्या यादीतून त्याला उत्तर मिळाले.

मुलगी दर तीन महिन्यांनी येते. ती येणार असेल त्या दिवशी काकाही येतात, कोणी बोलावलेले नसताना. रक्त तेच घेतात. नव्या तंत्रज्ञाला ते आवडत नाही, पण त्याचे कोणी ऐकत नाही. प्रत्येक वेळी ती स्वतः क्रमांक सांगते, नाव नव्हे. तिचा आहे ३१८-ब. भावाच्याच ओळीतला क्रमांक तिला हवा होता. मी तो दिला, आणि प्रमाणीकरणाच्या नियमांत तो बसेल अशी सोयही करून ठेवली.

तिचे आकडे मी माझ्या त्याच वहीत लिहिते. वर्तुळ केलेल्या सतराच्या पुढच्या पानावरून ते सुरू होतात : ९२, मग ७१, ५३, ४४. चाळिसाच्या खाली पहिल्यांदा गेले तेव्हा मी मॅडमच्या खोलीत न ठोठावता शिरले होते. मागच्या हिवाळ्यात ती चारशे मीटरमध्ये जिल्ह्याला गेली आणि पहिली आली. तो निरोप तिने दुपारी, मैदानावरून, गुरुजींच्या फोनवरून दिला, आणि धाप लागलेल्या आवाजात आधी हे विचारले की चिक्की खाल्लेली चालेल का, एकच. मी नाही म्हटले. ती म्हणाली, "मले मालूमच होतं. इचारून पायलं."

आज, ४ ऑगस्ट २०२५, ती सकाळच्या बसने एकटीच आली. दहावीचे वर्ष, घटक चाचणी तोंडावर, म्हणून घाईत होती. काकांनी डावा हात घेतला. तिने जांभळ्या झाकणाची नळी भरताना पाहिली, बोटाने कापूस दाबून धरला आणि दुपारच्या बसला निघून गेली. दोन वाजून वीस मिनिटांनी निकाल आला. काका माझ्या खांद्यामागे उभे होते. चष्मा घरी विसरले होते, म्हणून म्हणाले, "मोठ्यानं वाच ना वं." मी वाचला, आणि मग वहीत लिहिला.

एएलटी : २६.